रेसकोर्सवर उभ्या राहिलेल्या मॉलचा इतिहास कसा शोधावा: टॅनफोरानच्या जमिनीची एक वाटचाल

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला साधारण १२ मैलांवर सॅन ब्रुनो हे गाव आहे आणि तिथे एल कॅमिनो रियल या जुन्या हमरस्त्याला लागून टॅनफोरान नावाचा मॉल १९७१ मध्ये उघडला. त्याआधी याच जमिनीवर १८९९ पासून घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते, आणि त्या मैदानावर १९४२ साली १६९ दिवस जपानी वंशाच्या सुमारे आठ हजार माणसांना, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, डांबून ठेवले होते. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांचे घर म्हणजे घोड्यांचा तबेला होता. शर्यतींचा इतिहास सांगणारे १९४२ चा उल्लेख एका ओळीत उरकतात, युद्धकाळाचा इतिहास सांगणारे शर्यतींचा उल्लेख एका ओळीत उरकतात, आणि मॉलविषयी लिहिताना 'पूर्वी येथे रेसकोर्स होता' एवढ्यावर सारे संपते. म्हणून अशा जागेचा इतिहास शोधणाऱ्याने शर्यतीचा, छावणीचा किंवा मॉलचा इतिहास असा एकेक विषय न धरता जमिनीचा तुकडा धरावा आणि त्याच तुकड्यावर काय काय घडले ते क्रमाने मांडावे. पुढील टिपण टॅनफोरानवरचे असले तरी शोधाची रीत इतर कोणत्याही जुन्या रेसकोर्सला लागू पडेल.

आधी जमिनीची हद्द ठरवावी

पहिले काम नकाशाचे आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने काढलेले जुने स्थलदर्शक नकाशे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात आणि रेसकोर्स शोधायला त्यांच्याइतके सोयीचे साधन नाही, कारण रस्त्यांच्या सरळ रेषांमध्ये शर्यतीच्या धावपट्टीचा लंबगोल लगेच डोळ्यांत भरतो. त्यानंतर सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्यासाठी काढलेले नकाशे पाहावेत. विम्याची जोखीम ठरवण्यासाठी ते काढले जात, त्यामुळे इमारत लाकडी की विटांची, किती मजली, पाण्याची सोय कुठे, असा तपशील त्यांत असतो. ज्या मैदानाचा शेवट आगीत झाला त्याच्याबाबतीत हा तपशील फारच मोलाचा ठरतो. तिसरे साधन हवाई छायाचित्रांचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयात १९२० च्या दशकापासूनच्या हवाई छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे.

जुने छायाचित्र आजच्या नकाशावर बसवताना न हललेल्या खुणा लागतात, आणि इथे घाई केली की पुढचे सगळे चुकते. एल कॅमिनो रियल ही त्यातल्या त्यात भरवशाची खूण. रेल्वेमार्गही उपयोगी आहे, पण तो डोळे झाकून धरू नये: सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हा १८६४ पासूनचा मूळ मार्ग कोल्मावरून येत असे, १९०७ मध्ये खाडीच्या कडेने नवा मार्ग झाल्यावर मुख्य गाड्या तिकडे वळल्या, आणि जुन्या मार्गाच्या पट्ट्याचा उपयोग पुढे बार्ट या शहरी रेल्वेच्या भुयारी मार्गासाठी झाला. आंतरराज्य महामार्ग ३८० मॉलच्या दक्षिणेला आज ठळक दिसतो, पण तो नंतरच्या काळातला असल्याने १९४० च्या छायाचित्रात त्याचा शोध घेण्यात अर्थ नाही. त्याउलट पश्चिमेकडील गोल्डन गेट राष्ट्रीय दफनभूमीतल्या पांढऱ्या शिळांच्या रांगा युद्धकाळापासून सगळ्या हवाई छायाचित्रांत ओळखू येतात. अशा किमान तीन खुणा जुळल्याशिवाय अमुक दुकान अमुक तबेल्याच्या जागी आहे असे विधान करू नये. ऐकणाऱ्याला ते फार भावते, म्हणूनच ते तपासल्याशिवाय पुढे जाते.

हद्दीचा प्रश्न दरवेळी इतका सरळ नसतो. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता येथे १९३४ मध्ये सुरू झालेला रेसकोर्स अजून चालू आहे आणि १९७४ मध्ये त्याच्या जमिनीच्या एका भागावर मॉल उभा राहिला. तिथेही १९४२ साली जपानी वंशाच्या लोकांना कोंडले होते आणि ही जागा अशा केंद्रांमधली सर्वांत मोठी होती. तेव्हा मॉल नेमका कशावर आहे, धावपट्टीवर, तबेल्यांवर की मोकळ्या आवारावर, याचे उत्तर नकाशानेच द्यावे लागते. रिव्हरसाइड येथे १९५७ ते १९८९ या काळात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक होता आणि १९९२ मध्ये तिथे मोरेनो व्हॅली मॉल उघडला. तिथे तबेल्यांचा प्रश्न नाही, पण वळणावळणाचा रस्ता आजच्या नकाशावर बसवणे लंबगोल बसवण्यापेक्षा अवघड जाते.

नाव आणि मालकी

जमिनीच्या व्यवहारांचे दस्त सॅन मातेओ काउंटीच्या नोंदणी कार्यालयात असतात. आपल्याकडे फेरफाराच्या नोंदी उलट्या क्रमाने पाहत मागे जातात तसेच इथेही आजच्या मालकापासून सुरुवात करून एकेक दस्त मागे सरकावे. टॅनफोरानच्या बाबतीत ही साखळी रांचो बुरी बुरी या मोठ्या जमिनीपर्यंत पोहोचते. ती मेक्सिकन राजवटीत १८३५ मध्ये होसे अंतोनियो सांचेझ यांना मिळाली होती आणि त्यांच्या नातजावयाच्या, तोरिबिओ टॅनफॅरान यांच्या, आडनावावरून जागेला नाव पडले. मूळ आडनाव आणि आजचे नाव यांत एका अक्षराचा फरक आहे, म्हणून जुन्या कागदांत दोन्ही रूपांनी शोध घ्यावा. सांचेझ यांच्याही आधी हा प्रदेश रामायतुश ओलोनी लोकांचा होता, आणि दस्तांची साखळी जिथे सुरू होते तिथे जमिनीचा इतिहास सुरू होत नाही, हे लिहिताना नोंदवणे मला आवश्यक वाटते.

शर्यतींची वर्षे, आणि शर्यती नसलेली वर्षे

वृत्तपत्रांसाठी कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन हा संग्रह वापरावा. त्यात 'सॅन फ्रान्सिस्को कॉल' या दैनिकाचे त्या काळातले अंक शब्दाने शोधता येतात. सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घेतली तर पुष्कळ वेळ वाचतो: रेसकोर्सचा इतिहास घोड्यांपेक्षा सट्ट्याच्या कायद्यावर अधिक चालतो. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाने बुकींच्या व्यवसायावर बंदी घातली आणि शर्यतींचा आर्थिक आधारच गेला. १९३३ मध्ये टोट पद्धतीच्या, म्हणजे सगळ्यांनी लावलेले पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या, सट्ट्याला परवानगी मिळाली आणि शर्यती पुन्हा जोमाने सुरू झाल्या. या दोन सालांमध्ये 'रेस' हा शब्द घालून शोधल्यास हाती फारसे काही लागत नाही आणि मैदान ओस होते असा चुकीचा समज होतो. याच मधल्या काळात 'टॅनफोरान' आणि 'विमान' हे दोन शब्द एकत्र घालून शोध घ्यावा.

१८ जानेवारी १९११ रोजी यूजीन एली हा वैमानिक टॅनफोरानच्या मोकळ्या मैदानावरून उडाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत नांगरलेल्या 'पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर उतरला. जहाजावर विमान उतरण्याची ही जगातली पहिली वेळ. जहाजाच्या मागच्या बाजूला लाकडी फळ्यांचा उतार बांधला होता, त्यावर आडवे दोर ताणले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाच्या खाली लावलेले आकडे त्या दोरांत अडकले, पिशव्या फरफटत गेल्या आणि विमान थांबले. एलीने अंगावर सायकलच्या आतल्या ट्यूब गुंडाळल्या होत्या, पाण्यात पडलोच तर तरंगता यावे म्हणून. जहाजावर जेवण करून तो पुन्हा उडाला आणि टॅनफोरानला परतला. विमानवाहू जहाजांवर विमान थांबवण्यासाठी आजही आडव्या तारा आणि आकडा हीच कल्पना वापरतात. रेसकोर्सचा इतिहास लिहिणाऱ्याला हा प्रसंग विषयाबाहेरचा वाटू शकतो, पण जमीन धरून चालणाऱ्याला तो गाळता येत नाही, कारण सट्टाबंदीनंतर रिकामी राहिलेली सपाट, कुंपण असलेली, प्रेक्षकांसाठी स्टँड असलेली जागा वैमानिकांच्या उपयोगी पडली हा सरळ कार्यकारणभाव आहे.

नंतरच्या वर्षांतल्या घोड्यांविषयी माहिती भरपूर मिळते. सीबिस्किट या गाजलेल्या घोड्याचा मुक्काम इथल्या तबेल्यात होता आणि त्याचा पुतळाही पुढे मॉलच्या आवारात उभारला गेला. १९४८ मध्ये ट्रिपल क्राउन हा तीन मोठ्या शर्यतींचा मान जिंकणारा सायटेशन हा घोडा त्याच वर्षीच्या डिसेंबरात इथे धावला. ही नोंद मी मुद्दाम करायला सांगते, कारण तिच्यावरून कळते की माणसे ज्या मैदानावर कोंडली होती तिथे काही वर्षांतच पुन्हा घोडे आणि प्रेक्षक आले.

१९४२: तबेल्यांतले १६९ दिवस

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि सुरुवात शब्दांपासून करावी. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घराबाहेर काढण्यात आले, आणि त्यांतले सुमारे दोनतृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. सरकारी कागदांत मात्र 'कैद', 'तुरुंग' असे शब्द आढळत नाहीत. तिथे माणसांना 'इव्हॅक्युई' म्हटले आहे, म्हणजे संकटातून हलवलेले लोक, आणि टॅनफोरानला 'असेंब्ली सेंटर', म्हणजे लोकांनी जमण्याचे केंद्र. शोध घेताना हेच शब्द वापरावे लागतात, नाहीतर कागद सापडत नाहीत. परंतु लिहिताना ते आपलेसे करू नयेत. काटेरी तारा, पहारा आणि बाहेर जाण्याची मनाई असलेल्या जागेला जमण्याचे केंद्र म्हणणे हा खऱ्या स्थितीवर पांघरूण घालण्याचा प्रकार होता.

दुसरी अडचण दप्तरांची आहे. टॅनफोरान २८ एप्रिल ते १३ ऑक्टोबर १९४२ या काळात लष्कराच्या अखत्यारीतील वॉरटाइम सिव्हिल कंट्रोल ॲडमिनिस्ट्रेशन या यंत्रणेकडे होते, आणि इथल्या बहुतेक लोकांना पुढे युटा राज्यातल्या टोपाझ येथील ज्या छावणीत नेले ती वॉर रिलोकेशन ऑथॉरिटी या नागरी संस्थेकडे होती. राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या यंत्रणेचे कागद ४९९ या गटात आहेत आणि दुसऱ्या संस्थेचे २१० या गटात. नवखा संशोधक २१० पाहून थांबतो, कारण तो अधिक प्रसिद्ध आहे, आणि मग टॅनफोरानविषयी कागदच नाहीत असे समजतो. एखाद्या व्यक्तीचा माग काढायचा असेल तर अभिलेखागाराने संगणकावर ठेवलेल्या स्थानबद्धांच्या नोंदी पाहाव्यात. त्यांत व्यक्ती आधी कोणत्या केंद्रात होती याचा रकाना आहे. कुटुंबाला दिलेला क्रमांक हाती आला की पुढचे काम सोपे होते. चित्रकार मिने ओकुबो यांच्या कुटुंबाचा क्रमांक १३६६० होता. स्थानबद्धांना कॅमेरे बाळगायला मनाई असल्यामुळे ओकुबो यांनी पाहिले ते सारे रेखाटनांत उतरवले.

छायाचित्रे आहेत ती बव्हंशी सरकारने काढवून घेतलेली. डोरोथिया लँग यांना वॉर रिलोकेशन ऑथॉरिटीने नेमले होते आणि त्या जून १९४२ मध्ये टॅनफोरानला होत्या. त्यांची छायाचित्रे लष्कराने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली. आता ती अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात पाहता येतात आणि छायाचित्राइतक्याच काळजीने त्यांखालच्या ओळी वाचाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका छायाचित्रात तबेल्याच्या एका खोपटाचे दार जवळून दिसते. खालच्या नोंदीत म्हटले आहे की दोन लहान खोल्यांत पाच माणसे राहतात आणि आतल्या खोलीला बाहेर उघडणारे दार नाही, खिडकीही नाही. बाहेरची खोली म्हणजे घोड्याचा चारा-सामान ठेवण्याची जागा आणि आतली म्हणजे घोड्याची जागा, हे तबेल्याची रचना माहीत असलेल्याच्या लगेच ध्यानात येते. मध्ये कापलेले दार घोड्याला डोके बाहेर काढता यावे म्हणून अर्धेच उघडता येईल असे केलेले असे. तिथे राहिलेल्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते की भिंतींना चुना घाईने फासलेला होता, गवताच्या काड्या आणि कोळिष्टके त्या चुन्याखालीच चिकटून राहिली होती, आणि उन्हात फळ्या तापल्या की घोड्यांच्या मुताचा वास उठे. सॅनबॉर्नच्या नकाशावर 'तबेला' असा जो लांबट चौकोन दिसतो त्याचा अर्थ या दोन खोल्यांपाशी येऊन कळतो. सगळी माणसे तबेल्यांतच होती असे मात्र लिहू नये. धावपट्टीच्या आतल्या मोकळ्या जागेत नव्या लाकडी बराकीही उभारल्या होत्या.

छावणीचे स्वतःचे साप्ताहिक होते आणि त्याचे नाव होते 'टॅनफोरान टोटलायझर'. टोटलायझर म्हणजे रेसकोर्सवर लावलेल्या पैशांचा हिशेब दाखवणारे यंत्र, ज्याच्या जोरावर १९३३ नंतर शर्यती पुन्हा उभ्या राहिल्या तेच. त्याचे मे ते सप्टेंबर १९४२ मधले अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत. ते वाचताना लक्षात ठेवावे की मजकूर प्रशासनाच्या तपासणीतून जाई, म्हणून त्यात तक्रार थेट सापडत नाही. जेवणाच्या रांगांच्या वेळा, शाळा, बेसबॉलचे सामने, हरवले-सापडलेच्या जाहिराती यांतून रोजचे जगणे जुळवावे लागते. आणखी एक मर्यादा अशी की जपानी भाषेतल्या छापील साहित्यावर बंदी होती. बायबल, भजनांची पुस्तके आणि शब्दकोश एवढाच अपवाद. त्यामुळे इंग्रजीत लिहिणारी दुसरी पिढी कागदांत जितकी दिसते तितके त्यांचे आईवडील दिसत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी डेन्शो या संस्थेच्या संग्रहातील मौखिक मुलाखती आणि कुटुंबांनी जपलेली पत्रे पाहावीत. चार्ल्स किकुची यांनी टॅनफोरानमध्ये असताना लिहिलेली सविस्तर रोजनिशीही उपलब्ध आहे. बर्कलीचे प्राध्यापक असलेले चित्रकार चिउरा ओबाता यांनी इथे चित्रकलेची शाळा चालवली आणि ते स्वतःही रेखाटत राहिले; त्यांची चित्रे आणि ओकुबो यांची रेखाटने शेजारी ठेवून पाहिली तर एकाच आवाराचे दोन स्वभाव दिसतात. घर सोडण्याचा आदेश न पाळणाऱ्या फ्रेड कोरेमात्सू यांनाही अटकेनंतर इथेच आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल दिला आणि १९८३ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द ठरवली, म्हणजे या जमिनीचे धागेदोरे न्यायालयाच्या दप्तरांतही शोधावे लागतात.

आग, मॉल आणि त्यानंतर

जुलै १९६४ च्या अखेरीस रेसकोर्स आगीत जळाला. या घटनेसाठी स्थानिक दैनिकांचे त्या आठवड्यातले अंक पुरेसे आहेत. सॅन मातेओ काउंटीच्या इतिहास संस्थेकडेही छायाचित्रे मिळू शकतात. मॉलचा काळ मात्र पालिकेच्या कागदांतून वाचावा: नियोजन समितीची इतिवृत्ते, बांधकाम परवाने, पर्यावरणावरील परिणामांचे अहवाल. अशा अहवालात 'सांस्कृतिक वारसा' या नावाचे प्रकरण असते आणि त्यासाठी तज्ज्ञाने जागेचा इतिहास आधीच चाळलेला असतो. कित्येकदा दोन दिवसांचे काम त्या प्रकरणाने तासाभरात होते, पण त्यातली प्रत्येक तारीख मूळ कागदावर पडताळून घ्यावी. टॅनफोरानचा मॉल नव्याने बांधून २००५ मध्ये पुन्हा उघडला आणि शेजारचे बार्ट स्थानक २००३ पासून सुरू आहे. २०२२ मध्ये ही मालमत्ता स्थावर मालमत्ता क्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीने घेतली आणि मॉल पाडून तिथे जीवविज्ञान संशोधनाचे संकुल आणि घरे बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यामुळे मॉलच्या काळाची नोंदही आताच करून ठेवावी: जुन्या जाहिराती, दुकानांच्या मांडणीचे नकाशे, तिथे काम केलेल्यांच्या मुलाखती. रेसकोर्स उभा असताना त्याची अशी नोंद करावी असे फार थोड्यांना सुचले.

जागेवर गेल्यावर

सर्व कागद पाहून झाल्यावरच जागेवर जावे. सॅन ब्रुनोच्या बार्ट स्थानकाबाहेर ऑगस्ट २०२२ मध्ये स्मारकाचे लोकार्पण झाले. तिथल्या शिल्पातल्या दोन लहान मुली लँग यांच्याच एका छायाचित्रावरून घडवल्या आहेत; ते छायाचित्र हेवर्ड येथे मे १९४२ मध्ये, बसची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे, कोटांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या अवस्थेत घेतलेले आहे. जपानी वंशाच्या लोकांच्या तात्पुरत्या बंदिवासाच्या जागांना कॅलिफोर्निया राज्याने ९३४ क्रमांकाचे ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदवले आहे आणि टॅनफोरान त्यांपैकी एक. फलकावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि फलक कोणत्या वर्षी, कोणी बसवला तेही टिपावे, कारण कोणत्या काळात कोणते शब्द वापरले गेले हा स्वतंत्र पुरावा आहे.

त्यानंतर १९४० च्या दशकातले हवाई छायाचित्र हातात घेऊन एल कॅमिनो रियलच्या कडेने चालावे, जुळवलेल्या तीन खुणा प्रत्यक्ष पाहाव्यात आणि लंबगोलाची वळणे कुठे येत होती याचा अंदाज वहीत काढावा. प्रत्येक छायाचित्राबरोबर तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि कॅमेऱ्याची दिशा लिहून ठेवावी. तबेल्यांच्या रांगा ज्या बाजूला होत्या तिकडे तोंड करून आज जे दिसते, गाड्यांच्या रांगा, भिंत, रिकामे फाटक, काहीही असो, त्याचेही एक छायाचित्र घ्यावे आणि लँग यांच्या छायाचित्राच्या क्रमांकासह एकाच पाकिटात ठेवावे.